४,१९० की २,२६५? बेटिंग शॉपच्या काउंटरवर अडकलेल्या पैशांचं एक प्रकरण

प्रकरण स्लाऊमधलं, लंडनच्या पश्चिमेला. गोदामात पाळीने काम करणारे पाच जण, त्यात एक आपले साताऱ्याकडचे (त्यांना मी भाऊ म्हणतो), दोन पंजाबी, एक गुजराती आणि एक पोलिश. महिन्याकाठी एखादा शनिवार गाठून माणशी ३० पौंड काढायचे आणि बेटिंग शॉपमध्ये, म्हणजे घोड्यांच्या रेसवर पैसे लावायच्या दुकानात, सगळ्यांची मिळून एकच बेट लावायची अशी यांची पद्धत. पैसे रोख, हिशोब भाऊंकडे, स्लिप (दुकानाने छापून दिलेली पावती) पण भाऊंच्याच खिशात. मी शिकत असताना अशाच एका दुकानात काउंटरला काम केलंय, त्यामुळे काही लफडं झालं की फोन मला येतो. कंपनीचं नाव आणि घोड्यांची नावं मुद्दाम गाळतोय, त्याने प्रकरणात काही फरक पडत नाही.

बेट होती लकी १५. चार रेस, चार घोडे, आणि त्यांच्या जितक्या म्हणून जोड्या होतात त्या सगळ्या, म्हणजे ४ सिंगल (एकेकटा घोडा), ६ डबल (दोघे मिळून), ४ ट्रेबल (तिघे मिळून) आणि चौघांची मिळून १, अशा १५ लाईन. लाईनला १० पौंड धरले की १५० झाले, पाच जणांचे तीस-तीस. चारपैकी तीन घोडे आले, चौथा कुठेतरी मागे राहिला. तीन आले म्हणजे ३ सिंगल, ३ डबल आणि १ ट्रेबल अशा सात लाईन जिवंत, आणि खरा पैसा असतो तो डबल-ट्रेबलमध्येच कारण तिथे भाव एकमेकांना गुणले जातात.

आता भाऊंचा हिशोब बघा. पहिला घोडा ५/१ (म्हणजे लावलेल्या एका पौंडावर पाच जिंकायचे, शिवाय तो एक परत), दुसरा ४/१, तिसरा ८/१. सिंगलचे २०० पौंड, डबलचे १,२९०, ट्रेबलचे २,७००, एकूण ४,१९०. हे सगळं तिसरी रेस संपल्या संपल्या कॅन्टीनमध्ये मोबाईलवर झालं, चौघांनी तपासलं, कुणाच्यात काही फरक निघाला नाही. संध्याकाळी भाऊ दुकानात गेले, काउंटरवरच्या पोरीने स्लिप स्कॅन केली आणि मशीनवर आकडा आला २,२६५.

भाऊ म्हणाले, तुमचं मशीन चुकलंय.

पोरगी बिचारी एकटी होती दुकानात, बघत बसली. मग मॅनेजरला फोन लावला, मग हेड ऑफिसला. तेवढ्यात भाऊंनी आवाज चढवला, मागे जुगाराच्या मशीनवर बसलेले दोघे वळून बघायला लागले, आणि या सगळ्यात पोरीच्या तोंडून निघालं की तसेही २,२६५ आत्ता कॅश देता येणार नाहीत, सेफमध्ये तेवढे नाहीत, ५०० घेऊन जा आणि बाकीचे सोमवारी, नाहीतर बँक ट्रान्सफर, आणि दोन्हीला आयडी लागेल. झालं! भाऊंच्या डोक्यात पक्कं बसलं की आधी आकडा खाल्ला आणि आता उरलेले पण बुडवायला बघतायत. स्लिप खिशात टाकली आणि एक पेनीसुद्धा न घेता बाहेर पडले.

माझं पहिल्यापासून म्हणणं हे की इथे दोन भांडणं होती. पैसे किती, हे एक. कसे आणि कधी, हे दुसरं. काउंटरवर ही दोन्ही एकत्र आली की माणूस दोन्हीकडे मार खातो, कारण पहिल्यात तुम्ही चुकीचे असाल तर दुसऱ्यातलं तुमचं खरं म्हणणंही कुणी कानावर घेत नाही. भाऊंचं नेमकं हेच झालं.

आधी किती ते बघू. १,९२५ पौंडांचा फरक दोन ठिकाणाहून आला.

पहिलं कारण दुसरा घोडा. भाऊंनी सकाळी ४/१ भाव घेतला होता आणि स्लिपवर तो छापलेलाही होता, त्यात वाद नाही. पण दुपारी त्या रेसमधला ५/२ भावाचा एक घोडा बाहेर काढला. तगडा घोडा निघून गेला की उरलेल्यांचं काम सोपं होतं, आणि सकाळच्या भावाने लावलेल्यांना ते फुकटात मिळू नये म्हणून रूल ४ नावाची कपात आहे. रेसच्या बेटिंगसाठी टॅटरसॉल्स कमिटीने केलेला जुना नियम, सगळे बुकमेकर (बेट घेणारे) पाळतात. गेलेल्या घोड्याचा भाव जितका कमी तितकी कपात जास्त. ५/२ ते ३/१ वाला गेला तर जिंकलेल्या प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स, इव्हन्स (१/१) ते ६/५ वाला गेला तर ४५ पेन्स, आणि १४/१ च्या वरचा गेला तर काहीच नाही. कपात जिंकलेल्या रकमेवर असते, लावलेल्या पैशावर नाही. म्हणजे भाऊंचा ४/१ झाला ३/१. एकट्या सिंगलवर बघितलं तर ५० चे ४० झाले, दहाच पौंड. पण तो घोडा दोन डबलमध्ये आणि ट्रेबलमध्येही आहे, तिथे गुणाकारात धरून एकूण ७०० पौंड गेले. भाऊंना हे पटायला फार वेळ लागला. ते म्हणायचे, २५ पेन्सचे ७०० पौंड कसे होतात? कागदावर सातही लाईन मांडून दाखवल्या तेव्हा गप्प झाले.

दुसरं कारण तिसरा घोडा, आणि खरी गंमत इथे आहे. ही रेस संध्याकाळच्या मीटिंगमधली, म्हणजे संध्याकाळी भरणाऱ्या रेसपैकी. भाऊ सकाळी बेट लावायला गेले तेव्हा त्या रेसचे भाव दुकानाच्या स्क्रीनवर आलेच नव्हते. मग ८/१ आला कुठून? तर भिंतीवरून. बेटिंग शॉपमध्ये रेसिंग पोस्ट या रेसच्या पेपरची पानं भिंतीवर लावलेली असतात, त्यात प्रत्येक रेसखाली बारीक अक्षरात अंदाजे भाव दिलेले असतात, कुठला घोडा साधारण कितीला उघडेल याचे. तो पेपरवाल्याचा अंदाज. दुकानाने तो भाव तुम्हाला देऊ केलेला नसतो. भाऊंनी तो वाचला, ग्रुपवर टाकला, आणि सगळ्यांच्या डोक्यात आपल्याला ८/१ मिळालाय हे फिट्ट बसलं. बेट लावताना भरलेल्या चिठ्ठीवर मात्र त्यांनी नुसतं घोड्याचं नाव आणि वेळ लिहिली. भाव लिहून मागितला नाही, काउंटरवाल्याने मशीनमध्ये टाकला नाही, तर बेट स्टार्टिंग प्राईसवर (एसपी) जाते, म्हणजे रेस सुटताना जो भाव असेल तो. तो होता ९/२. रूल ४ धरून आणि तिसरा घोडा ८/१ ने काढला असता तर ३,४९० झाले असते, ९/२ ने झाले २,२६५. म्हणजे १,२२५ इथे गेले.

मशीन बरोबर होतं, एका पेनीचीही चूक नव्हती. आणि पावतीवर तिसऱ्या घोड्यापुढे एसपी ही दोन अक्षरं स्वच्छ छापलेली होती, सकाळपासून भाऊंच्या खिशात.

इथे प्रकरण मिटलं असतं. मिटलं नाही, कारण त्या पावतीवर अजून एक गोष्ट होती.

सोमवारी भाऊ परत गेले, यावेळी मॅनेजर बाई स्वतः होत्या. त्यांनी पावती हातात घेतली, उजेडात धरली आणि तिरकी करून बघितली. तिसऱ्या घोड्याच्या नावाशेजारी निळ्या बॉलपेनने ८/१ लिहिलेलं. छापलेल्या एसपीच्या अगदी लगत, थोडंसं वर, खालची रेघ किंचित एसच्या शेपटीवर आलेली. हे कुणी लिहिलं? तर पोलिश सहकाऱ्याने, कॅन्टीनमध्ये हिशोब करताना, सोयीसाठी. बाकीच्या तीन घोड्यांचे भाव छापलेले, याचाच नाही, म्हणून त्याने टाकला. मनात काही नाही त्याच्या. पण काउंटरच्या पलीकडून बघा कसं दिसतं ते. एक माणूस शनिवारी भांडून स्लिप घेऊन निघून जातो, आणि सोमवारी तीच स्लिप घेऊन येतो जिच्यावर त्याच्या फायद्याचा भाव हाताने लिहिलेला आहे, आणि दुकानाच्या सिस्टीममध्ये बेट लावतानाचा जो स्कॅन आहे त्यात तिथे काही नाही. मी काउंटरला असतो तर मलाही शंका आली असती. बाईंनी पावतीची कॉपी काढून सिक्युरिटी डिपार्टमेंटला पाठवली आणि सांगितलं की आता तिकडून उत्तर आल्याशिवाय काहीच देता येणार नाही, जे २,२६५ कंपनीलाच मान्य होते तेसुद्धा नाही.

आणि इथपासून मात्र चूक कंपनीची, असं माझं मत. स्कॅन त्यांच्याकडे होता. हाताने लिहिलेला आकडा बाजूला ठेवून, मूळ बेट जशी लागली तशी तिचे पैसे द्यायला काहीच अडचण नव्हती. कुणी ८/१ ने पैसे मागतोय म्हणून ९/२ ने जे द्यायचेत तेही थांबवायचे याला नियम म्हणत नाहीत, याला अडवणूक म्हणतात. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला, फोन केला की एकच उत्तर, चौकशी चालू आहे. पाच जणांचे पैसे अडकलेले आणि चौघं भाऊंकडे संशयाने बघायला लागलेले, की यानेच घेतले नसतील ना परस्पर.

आता आयडी आणि कॅशचं. याबद्दल लोकांच्या डोक्यात भलतंच काहीतरी असतं. हायस्ट्रीटवरच्या, म्हणजे गावाच्या मुख्य बाजाररस्त्यावरच्या, दुकानात एकटा माणूस ड्युटीवर असतो, चोऱ्या होतात, म्हणून सेफमध्ये रोकड मुद्दाम कमी ठेवतात आणि सेफला टाईम-डिले असतो, बटण दाबलं की लगेच उघडत नाही. दोन हजार पौंड शनिवारी संध्याकाळी नसणं यात काहीच नवल नाही. मोठी रक्कम चेकने किंवा ट्रान्सफरने देऊ असं कंपनीच्या नियमात बहुधा लिहिलेलंच असतं, आणि कितीच्या वर आयडी मागायचा तो आकडा प्रत्येक कंपनीचा आपापला. मनी लाँडरिंगचे २०१७ चे जे रेग्युलेशन आहेत ते कसिनोंना लागू आहेत, बेटिंग शॉपना थेट नाहीत, पण २००२ चा प्रोसीड्स ऑफ क्राईम कायदा (गुन्ह्यातून आलेल्या पैशांबद्दलचा) सगळ्यांना आहे आणि गॅम्बलिंग कमिशन या जुगारावर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या लायसन्सच्या अटींमध्ये कॅश कशी हाताळायची याची पॉलिसी ठेवणं बंधनकारक आहे. म्हणून आयडी मागितला म्हणजे पैसे बुडवतायत असं नाही. ऑनलाइनवाल्यांना मे २०१९ पासून एक बंधन आहे, की जी ओळख आधी विचारता आली असती ती पैसे काढायच्या वेळी अडवायला वापरायची नाही. भाऊंच्या पुतण्याने हाच नियम इंटरनेटवरून शोधून काढला आणि मॅनेजर बाईंच्या तोंडावर मारला. पण तो दुकानांना नाही, रिमोट लायसन्सवाल्यांना, म्हणजे ऑनलाइनवाल्यांना आहे. बाईंना ते माहीत होतं, त्यामुळे अजून एकदा आपलीच बाजू पडली.

अजून एक शक्यता असते ती सांगून ठेवतो. दुकानाला पैसा गुन्ह्यातला असल्याचा संशय आला तर ते नॅशनल क्राईम एजन्सीला कळवून परवानगी मागतात, आणि उत्तरासाठी कामाचे ७ दिवस, नकार आला तर पुढचे ३१ दिवस पैसे हलवता येत नाहीत. अशा वेळी ग्राहकाला खरं कारण सांगितलं आणि त्याने तपास बिघडला तर सांगणाराच गोत्यात येतो, म्हणून काउंटरवरचा माणूस गुळमुळीत बोलतो. इथे तसं काही नव्हतं, हे नंतर कंपनीच्या पत्रावरून कळलं. पण बाहेर उभं असताना दोन्ही प्रकार अगदी सारखे दिसतात हा खरा वैताग.

भाऊंनी मला विचारलं, "अरे, जुगाराचे पैसे ते, कोर्टात तरी कोण उभं करणार आपल्याला?" आपल्याकडे हे डोक्यात असणं साहजिक आहे. भारतात १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० सरळ सांगतं की पैजेचा करार रद्दबातल, जिंकलेले पैसे वसूल करायला दावा चालत नाही. आणि मुंबई इलाख्यात तर १८६५ पासूनच वेगळा कायदा होता, पैजेच्या आजूबाजूचे जोडकरारही बाद करणारा. इंग्लंडमध्येही कितीतरी वर्षं हेच होतं. दुकानं १९६१ मध्ये कायदेशीर झाली, दर हायस्ट्रीटला उघडली, पण दुकानाने पैसे दिले नाहीत तर कोर्टाचा दरवाजा बंद, कारण १८४५ चा गेमिंग ॲक्ट. सगळं बुकीच्या अब्रूवर चालायचं. ते बदललं १ सप्टेंबर २००७ ला, गॅम्बलिंग ॲक्ट २००५ लागू झाला तेव्हा. त्याच्या कलम ३३५ ने पैज हा इतर करारासारखाच वसूल करता येणारा करार झाला. त्यामुळे भाऊंना मी म्हटलं, कोर्ट आहे, १०,००० पौंडापर्यंत स्मॉल क्लेम्समध्ये वकिलाशिवाय जाता येतं, पण आधी तक्रार नीट लिहू.

आणि करार म्हटला की अटी आल्या. २०२१ मध्ये हायकोर्टाने बेटफ्रेड या बेटिंग कंपनीच्या विरुद्ध एका ग्राहकाला १७ लाख पौंड द्यायला लावले. ती ऑनलाइन ब्लॅकजॅकची केस, कंपनी म्हणत होती सॉफ्टवेअरचा घोळ झाला आणि आमच्या अटींत लिहिलंय की घोळ असला तर देणार नाही. कोर्ट म्हणालं त्या अटी इतक्या लपवलेल्या आणि किचकट आहेत की ग्राहकावर लादता येणार नाहीत. पुतण्याला हीपण केस सापडली होती आणि त्याला वाटलं आपलं काम झालं. पण रूल ४ आणि एसपी या काही कोपऱ्यात दडवलेल्या अटी नाहीत, दुकानाच्या भिंतीवरच्या नियमात आहेत, रेसचा कुठलाही जुना खेळाडू झोपेतही सांगेल. ती केस आपल्याला लागत नव्हती आणि उगाच पत्रात टाकली असती तर पत्राचं वजनच गेलं असतं.

म्हणून तक्रारीत आम्ही ४,१९० हा आकडा टाकलाच नाही. यावरून भाऊंशी माझं चांगलंच वाजलं, दोन दिवस बोलले नाहीत. पण शेवटी पत्रात तीनच गोष्टी गेल्या. बेट लावतानाच्या स्कॅनप्रमाणे जे होतं ते द्या. पावतीवरचं ८/१ हे रेस झाल्यावर आमच्यातल्या एकाने हिशोबासाठी लिहिलं, त्यावर आमचा दावा नाही. आणि मान्य असलेली रक्कम इतके दिवस का अडवली याचं लेखी कारण द्या. पाच जणांचा करार कंपनीशी नव्हता, बेट भाऊंनी लावली म्हणून करार भाऊंचा, त्यामुळे सही त्यांची एकट्याची, सोबत पासपोर्टची कॉपी आणि बँकेचं स्टेटमेंट. पोलिश सहकाऱ्याने स्वतःहून एक कागद लिहून दिला, मोडक्या इंग्रजीत, की हे अक्षर माझं आहे. त्या कागदाचा किती उपयोग झाला असेल माहीत नाही, पण चौघांचा भाऊंवरचा राग तिथे उतरला हे नक्की.

लोक अशा वेळी पहिलं धावतात गॅम्बलिंग कमिशनकडे. ते बर्मिंगहॅममध्ये बसतात आणि लायसन्स देतात-काढतात, पण तुमचे-माझे वैयक्तिक पैसे मिळवून देत नाहीत, तसं ते स्वतःच सांगतात. क्रम असा की आधी कंपनीची तक्रार प्रक्रिया, तिला ८ आठवडे, आणि त्यात निकाल लागला नाही किंवा कंपनीने शेवटचं उत्तर दिलं आणि ते पटलं नाही की मग स्वतंत्र लवाद. हायस्ट्रीटच्या बेटिंगवाल्यांसाठी बहुतेक वेळा तो म्हणजे आयबास, १९९८ पासून आहे, ग्राहकाला फुकट. लायसन्सच्या अटीनुसार कंपनीला असा लवाद ठेवावाच लागतो. लवादाकडे कागद चालतो, रडगाणं चालत नाही. पावती, स्कॅन, वेळ, भिंतीवरचे नियम, एवढंच. दुकानाच्या कॅमेऱ्यावर साधारणपणे आवाज नसतो, त्यामुळे "मी तोंडाने भाव मागितला होता" याला जवळपास काही किंमत नाही.

आम्हाला तिथपर्यंत जावं लागलं नाही. पत्र गेल्यावर पाचव्या आठवड्यात कंपनीचं उत्तर आलं. हिशोब बरोबर आहे, सातही लाईन मांडून दिल्या होत्या, आम्ही कागदावर काढल्या होत्या त्याच. पावतीवरचं लिखाण फसवणुकीच्या हेतूने नव्हतं हे मान्य. आणि मान्य रक्कम चौकशी होईपर्यंत थांबवायला नको होती, त्याबद्दल दिलगिरी आणि वर ५० पौंड. का थांबवली याचं सरळ उत्तर काही दिलं नाही, दुकान आणि सिक्युरिटी यांच्यातला संवाद कमी पडला वगैरे. भाऊ म्हणाले आयबासला जाऊ. मी म्हटलं, कशासाठी? आकडा तर आपलाच चुकीचा होता आणि उशिराबद्दल त्यांनी लेखी कबूल केलंय, तिकडे जाऊन नवीन काय मिळणार. शेवटी नाही गेले.

पैसे भाऊंच्या खात्यात आले ट्रान्सफरने. २,२६५ चे पाच वाटे, प्रत्येकी ४५३, भाऊंनी त्याच दिवशी सगळ्यांना पाठवले आणि ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला. राहिले वरचे ५०. गुजराती गृहस्थांचं म्हणणं दहा-दहा वाटा, पंजाब्यांचं म्हणणं हेलपाटे भाऊंनी मारले, भाऊंना द्या, पोलिश सहकारी म्हणतो मला माझे दहा नकोतच. यावर अजून चर्चा चालू आहे.